लॉ फर्मचा नकार आला? आधी तो नीट वाचा

माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात अर्जांच्या दोन हंगामांतले २७ नकार नोंदवलेले आहेत. त्यातला एकोणिसावा मी मेल न उघडताच ओळखला होता, कारण ‘आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत’ एवढी ओळ फोनच्या पडद्यावरच दिसत होती. आभाराने सुरू झालेली मेल पुढे काय सांगणार, हे तोवर पाठ झालं होतं.

कायदा शिकता शिकता एखाद्या फर्ममध्ये काही आठवडे काम करायला मिळावं म्हणून अर्ज करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. याला कुठे इंटर्नशिप म्हणतात, कुठे व्हेकेशन स्कीम, कुठे समर असोसिएट, कुठे क्लार्कशिप. नावं वेगळी असली तरी चाळण्या साधारण त्याच: फॉर्म, ऑनलाइन चाचणी, रेकॉर्ड केलेली मुलाखत, मग दिवसभराची निवडप्रक्रिया. फॉर्म कसा भरावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. एका नकारानंतर पुढचा फॉर्म भरायला बसेपर्यंत मधल्या दिवसांत काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला एवढं जवळ ठेवा

- एक वही किंवा स्प्रेडशीट, फक्त अर्जांच्या नोंदींसाठी
- पाठवलेल्या प्रत्येक सीव्हीची आणि कव्हर लेटरची तारखेसकट प्रत (‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच फायनल’ अशा नावांच्या फायलींनी माझा एक आख्खा रविवार खाल्ला)
- फॉर्ममधल्या प्रश्नांची नक्कल. मुदत संपली की पोर्टलवरून प्रश्न गायब होतात
- गुणपत्रिका आणि ज्यांची नावं संदर्भासाठी दिली आहेत त्यांची संमती
- तुमच्या कामाची कोरडी यादी: मूट (सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला), मोफत कायदा सल्ला क्लिनिक, संशोधन, अर्धवेळ नोकरी, घरची जबाबदारी. विशेषणं नकोत; काय केलं, किती दिवस केलं, पुढे काय झालं एवढंच

शेवटची यादी बरे दिवस असताना करून ठेवा. नकाराच्या दिवशी करायला बसलात तर ती तीन ओळींत संपते.

१. पहिले २४ तास काहीही ठरवू नका

रडायचं असेल तर रडा, झोपायचं असेल तर झोपा. पण त्या रात्री फर्मला उत्तर पाठवू नका, बाकीचे अर्ज मागे घेऊ नका आणि सीव्हीला किंवा कव्हर लेटरला हात लावू नका.

हे तिसरं मी केलं. नकार आला त्याच रात्री कव्हर लेटर पुन्हा लिहायला बसले आणि मोफत कायदा सल्ला क्लिनिकमधल्या कामावरचा परिच्छेद काढून टाकला. मोठ्या व्यावसायिक फर्मला त्याचं काय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच पत्र तीन ठिकाणी गेलं. त्यातल्या एका मुलाखतीत विचारलं गेलं, ‘सीव्हीत क्लिनिकचं एका ओळीत दिसतंय, पत्रात त्याबद्दल काहीच कसं नाही?’ आख्ख्या पत्रात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि रागाच्या भरात मी नेमकं तेच काढलं होतं.

२. नकार कुठल्या टप्प्यावर आला, ते लिहा

वहीत पाच रकाने आखा: फर्म, अर्जाची तारीख, कुठल्या टप्प्यावर थांबलं, त्यांनी काय सांगितलं, मी पुढच्या वेळी कुठली एक गोष्ट बदलणार. पाचव्या रकान्यात एकच गोष्ट लिहायची, हा नियम मोडू नका. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

दिवाणी दाव्यात साक्षीपुराव्याच्या आधी मुद्दे निश्चित करतात, कारण मुद्दाच ठरला नसेल तर पुरावा कशाचा द्यायचा? आपण स्वतःबाबत हे विसरतो. ‘मी या क्षेत्राच्या लायक आहे का’ हा मुद्दा फर्मसमोर कधीच नव्हता. फॉर्म वाचणाऱ्यासमोर प्रश्न होता, ढिगातून पुढच्या टप्प्याला कुणाला बोलवायचं. चाचणीत प्रश्न होता तर्काच्या गुणांचा. नकार मिळाला तो त्या मर्यादित मुद्द्यावर. बाकीचा निकाल आपण रात्री अंथरुणात पडून स्वतःच लिहितो.

माझ्या वहीत पहिल्या हंगामातले ११ नकार फॉर्मवरचे होते, चार चाचणीवरचे आणि एकच मुलाखतीनंतरचा. तोवर मी सगळ्यांना सांगत होते की माझ्या मुलाखती वाईट होतात.

३. टप्प्याप्रमाणे दुरुस्ती करा

*फॉर्मवरच थांबत असेल तर.* पत्रातलं फर्मचं नाव खोडून तिथे प्रतिस्पर्धी फर्मचं नाव घाला. वाक्य तरीही खरं राहत असेल तर ते काढा. ‘आपली आंतरराष्ट्रीय ख्याती आणि कामातली विविधता’ हे शंभर फर्म्सना लागू पडतं. त्याऐवजी त्यांच्या एखाद्या जाहीर झालेल्या व्यवहारात वकिलांनी नेमकं काय केलं असेल ते दोन वाक्यांत मांडा: कुणाच्या बाजूने होते, कुठली परवानगी लागली असेल, जोखीम कुणाच्या डोक्यावर होती. हे लिहायला वेळ लागतो, म्हणूनच ते उठून दिसतं.

दुसरा सापळा मुदतीचा. अनेक फर्म्स अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात. जाहीर झालेली शेवटची तारीख त्यांच्यासाठी शेवटची असते, तुमच्यासाठी नव्हे. शेवटच्या रात्री अकरा वाजता पाठवलेला उत्तम अर्जसुद्धा उरलेल्या दोन जागांसाठी भांडत असतो.

गुणांची किमान अट असेल आणि आजारपणामुळे किंवा घरच्या प्रसंगामुळे तुम्ही तिच्याखाली असाल, तर फॉर्ममध्ये विशेष परिस्थितीचा रकाना आहे का ते बघा. असेल तर भरा. काय घडलं, कधी, त्याचा कुठल्या परीक्षेवर परिणाम झाला, एवढं पुरे. माफी मागायची गरज नाही.

*चाचणीवर थांबत असेल तर.* लॉ फर्म्समध्ये वॉटसन-ग्लेझर ही तर्काची चाचणी बरीच वापरली जाते. तिचे पाच भाग असतात: निष्कर्ष किती खरा ते ठरवणं, गृहीतक ओळखणं, अनुमान काढणं, अर्थ लावणं आणि युक्तिवाद सबळ की दुबळा ते सांगणं. कायद्याचे विद्यार्थी इथे एका ठरावीक कारणाने पडतात, ते म्हणजे त्यांना जास्त माहीत असतं. उताऱ्यात नसलेली गोष्ट ते बाहेरून आणतात. युक्तिवादाच्या भागात तर आपल्याला न पटणारा मुद्दा सबळ असू शकतो आणि मनापासून पटलेला मुद्दा दुबळा. पहिल्या भागात पाच पर्याय असतात: खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. ‘बहुधा खरं’ आणि ‘माहिती अपुरी’ यांतली रेघ सरावानेच कळते. सराव करताना बरोबर उत्तरं मोजत बसू नका; प्रत्येक चुकीपुढे लिहा, ‘मी बाहेरून काय आणलं?’

आणखी एक. तुमचे गुण सहसा दुसऱ्या उमेदवारांच्या गटाशी ताडून पाहिले जातात. त्यामुळे बरीच उत्तरं बरोबर येऊनही मागे राहता येतं. याचा तुमच्या बुद्धीशी लावावा तेवढा संबंध नाही. ही चाचणी सरावाने सुधारते, हे मी स्वतःवर पाहिलं आहे.

*रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीवर थांबत असेल तर.* समोर माणूस नसतो, पडद्यावर आपलाच चेहरा आणि उलटा चालणारा काटा. पहिल्या वेळी माझं उत्तर ४० सेकंदांत संपलं आणि उरलेली ५० सेकंदं मी कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिले. ते रेकॉर्डिंग कुठेतरी अजून असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. उपाय साधा आहे: स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट कागद चिकटवून झाका, आणि आधी फोनवर दहा उत्तरं रेकॉर्ड करून ऐका. उत्तराचा सांगाडा ठेवा: प्रसंग काय होता, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, काय झालं. बहुतेकांचा निम्मा वेळ प्रसंग सांगण्यातच जातो. खरा वेळ ‘मी काय केलं’ला द्या. आणि ‘आम्ही केलं’ म्हणायची विनम्र सवय तेवढ्यापुरती बाजूला ठेवा, कारण ऐकणाऱ्याला ‘आम्ही’मधले तुम्ही शोधता येत नाहीत.

*निवडीच्या दिवशी थांबत असेल तर.* इथवर पोचलात याचा अर्थ कागदावर तुम्ही त्यांना चालता. आता गटचर्चा, लेखी काम आणि पार्टनरने, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाने, घेतलेली मुलाखत. गटचर्चेत सर्वांत जास्त बोलणारा निवडला जातो हा गैरसमज सोडा. वेळेकडे लक्ष ठेवणारा, गप्प बसलेल्याला विचारणारा आणि भरकटलेली चर्चा मूळ प्रश्नावर आणणारा लक्षात राहतो.

पार्टनरच्या मुलाखतीत मी कशी पडले ते सांगते. एका विलीनीकरणात ग्राहकाने पुढे जावं, असं मत मी दिलं. पार्टनर शांतपणे म्हणाले, ‘मला नाही पटत.’ मी लगेच म्हणाले, ‘हो, तुमचं बरोबर आहे.’ नंतर फोनवर कारण कळलं: मत चुकीचं नव्हतं, ते फार लवकर सोडलं. ते मला ढकलून पाहत होते. विरुद्ध बाजूचा वकील मेजावर हात आपटेल तेव्हा ही ग्राहकाला सोडून देईल का, हे त्यांना बघायचं होतं. समोरच्याचा मुद्दा ऐकायचा, त्यात नवीन तथ्य असेल तर मत बदलायचं आणि काय बदललं ते सांगायचं. नुसता आवाज किंवा हुद्दा मोठा असेल तर आपल्या जागी राहायचं. दुसऱ्या हंगामात मी एका मैत्रिणीला रोज रात्री दहा मिनिटं माझ्याशी विनाकारण असहमत व्हायला लावलं. तिला ते काम फार आवडलं.

४. अभिप्राय मागा, पण एकच प्रश्न विचारून

फॉर्मच्या टप्प्यावर बहुतेक फर्म्स अभिप्राय देत नाहीत, तिथे वाट बघू नका. मुलाखतीनंतर मात्र जरूर मागा. दुसऱ्या दिवशी, असा:

‘आपला निर्णय समजला. वेळ दिल्याबद्दल आभार. पुढच्या हंगामात पुन्हा अर्ज करण्याचा विचार आहे. माझ्या मुलाखतीतली सर्वांत आधी सुधारावी अशी एक गोष्ट सांगू शकलात तर मदत होईल.’

‘मी कुठे कमी पडले?’ असं विचारलं की समोरचा माणूस सावध होतो आणि ‘स्पर्धा फार होती’ असं गुळगुळीत उत्तर येतं. एक गोष्ट मागितली तर द्यायला सोपी जाते. उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवा, स्वतःच्या शब्दांत नको. ‘उत्तरांत रचना हवी’ या वाक्याचं मनात ‘ही गोंधळलेली आहे’ असं भाषांतर व्हायला एक तास पुरतो.

५. एकदा आकडेमोड करून बघा

समजा एका अर्जातून होकार येण्याची शक्यता शंभरात पाच आहे. हा आकडा फक्त हिशेबापुरता. मग आठ अर्ज करून एकही होकार न येण्याची शक्यता साधारण ६६ टक्के. वीस अर्ज केले तरी ३६ टक्के. म्हणजे पात्र माणूस आठ ठिकाणांहून रिकाम्या हाताने परतला, तर नवल वाटण्यासारखं काही घडलेलं नाही. आता अर्ज सुधारून ती शक्यता शंभरात दहावर नेली, तर वीस अर्जांनंतर रिकामं राहण्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते.

या हिशेबात एक मेख आहे. प्रत्येक अर्ज स्वतंत्र आहे असं त्यात धरलेलं आहे. एकच चूक वीस पत्रांतून गेली तर ते वीस अर्ज नसतात, एका अर्जाच्या वीस प्रती असतात. म्हणून नकार आले की घाबरून एका रात्रीत चाळीस फॉर्म भरणाऱ्यांना मी हात जोडते. पाच-पाचच्या तुकड्या करा. एक तुकडी पाठवली की वहीकडे बघा, मगच पुढची.

६. मनातल्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्या

‘तुला जमणार नाही’ हा आवाज कुणाचा आहे? त्याला पिंजऱ्यात उभं करा. त्याने स्वतः काय पाहिलं? की कुणाकडून ऐकलं? ऐकीव पुरावा बाजूला काढा. ‘सगळ्यांना मिळालं’ यातले सगळे म्हणजे किती, नावं सांग. ‘मी मूर्खच आहे ना?’ हा तर सूचक प्रश्न, हवं ते उत्तर तोंडात घालणारा. आपल्याच साक्षीदाराला तो विचारता येत नाही, हे आपण वर्गात घोकलेलं असतं. हे लिहूनच करा. डोक्यातल्या डोक्यात केलं तर साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश एकच होतात.

आपण फसवून इथवर आलो आणि कधीतरी उघडे पडू, या भावनेला पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ असं नाव दिलं. त्यांनी ती पाहिली कर्तबगार स्त्रियांमध्ये, ज्यांच्याकडे पदव्या आणि मान होता तरी त्या यशाचं श्रेय नशिबाला देत होत्या. म्हणजे ही भावना आहे, एवढ्यावरून तुमच्या कुवतीबद्दल काहीच सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं.

लिहिण्याचा आणखी एक उपयोग. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेफनी स्पेरा, जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने नोकरी गेलेल्या व्यावसायिकांना पाच दिवस रोज २० मिनिटं त्या अनुभवाबद्दल, मनात आहे ते सगळं, लिहायला सांगितलं. त्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. अभ्यास लहान होता, तेव्हा त्याला मंत्र समजू नका. पण मनातली चीड कागदावर उतरली की ती पुढच्या मुलाखतीत बाहेर पडत नाही, एवढं मी म्हणेन.

मोठ्या माणसांच्या नकारांच्या गोष्टी मात्र जपून वापरा. रूथ बेडर गिन्सबर्ग १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया लॉ स्कूलमधून वर्गात संयुक्त पहिल्या येऊन बाहेर पडल्या आणि न्यूयॉर्कमधल्या एकाही फर्मने त्यांना नोकरी दिली नाही. सँड्रा डे ओकॉनर १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून निघाल्या, तेव्हा एका फर्मने त्यांना देऊ केली ती लीगल सेक्रेटरीची जागा. दोघी पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या, ओकॉनर १९८१ मध्ये आणि गिन्सबर्ग १९९३ मध्ये. या गोष्टी सांगून लोक आपल्याला धीर देतात. पण त्यांच्या वाट्याला आला तो उघड भेदभाव होता. तिथे त्यांनी पत्रातला परिच्छेद सुधारून उपयोग नव्हता. भेदभाव आजही होतो, आणि झाला असेल तर त्याला त्याच नावाने हाक मारा. पण माझ्या ११ फॉर्मांमागे तसं काही नव्हतं. पत्र वाईट होतं.

७. दुसऱ्यांच्या ऑफरपासून अंतर ठेवा

हंगामात लिंक्डइन फोनवरून काढून टाका. तिथे २७ नकारांची पोस्ट कुणी टाकत नाही. वर्गाच्या ग्रुपला म्यूट करा आणि एक-दोन माणसं निवडा, ज्यांना खरा आकडा सांगता येतो. घरच्यांना प्रत्येक अर्जाची बातमी देऊ नका, नाहीतर प्रत्येक नकार दोनदा झेलावा लागतो, एकदा आपला आणि एकदा त्यांच्या चेहऱ्यावरचा.

८. विश्रांती कधी, दुसरी वाट कधी

सलग दोन आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. एक तुकडी चुकली तरी चालते.

आणि हंगाम कोरडा गेला तर मधलं वर्ष रिकामं ठेवू नका. कंपनीचा कायदा विभाग, मोफत सल्ला क्लिनिक, एखाद्या प्राध्यापकाचं संशोधन, छोट्या फर्ममधलं पॅरालीगलचं (वकिलांच्या मदतनिसाचं) काम, यातलं काहीही पुढच्या फॉर्मला नवीन मजकूर देतं. त्याच फर्मला पुन्हा अर्ज करणार असाल तर आधी त्यांचा नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी एका हंगामात एकच अर्ज चालतो. पुढच्या हंगामात गेल्या वर्षीचंच पत्र पाठवू नका. त्यांच्याकडे जुनी प्रत असू शकते.

९. आणि होकार आल्यावर

हा टप्पा मी गाळणार होते. पण शंका होकाराच्या मेलबरोबर निघून जाते असं मलाही वाटलं होतं आणि ती पहिल्याच सोमवारी माझ्याआधी डेस्कवर येऊन बसली होती.

काम मिळालं की लगेच तीन प्रश्न विचारा: कधीपर्यंत हवं आहे, कुठल्या स्वरूपात हवं आहे, यावर साधारण किती तास घालवू? हे विचारणाऱ्याला कुणी मठ्ठ समजत नाही. न विचारता सहा तास घालवून दहा पानांचा निबंध देणाऱ्याला समजतात, कारण त्यांना ग्राहकाला पाठवायची अर्ध्या पानाची मेल हवी असते. अडलात तर आधी वीस मिनिटं स्वतः शोधा, मग काय काय शोधलं ते सांगून विचारा.

माझं पहिलं टिपण लाल शाईने भरून परत आलं. सवयीने मी वही उघडली आणि ‘कुठल्या टप्प्यावर थांबलं’ या रकान्यापाशी अडले, कारण काहीच थांबलं नव्हतं. दुरुस्त करून दुपारी चारपर्यंत परत द्यायचं होतं. मी शेजारी सहावा रकाना आखला आणि कामाला लागले.